हळदीचा अर्क म्हणजे हळद नव्हे

हळद आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो, तिने कोणाचे वाईट झाले नाही, मग तिच्याच गोळीने काय होणार? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. औषधाच्या दुकानात ‘कर्क्युमिन ९५ टक्के’ असे छापलेली डबी लोक निर्धास्तपणे उचलतात ती त्याच भरवशावर. पण पिढ्यांचा अनुभव ज्या रूपातली, जेवढी आणि जशी हळद पोटात गेली तेवढ्यापुरतीच साक्ष देतो. फोडणीत, दुधात, लोणच्यात गेलेल्या हळदीबद्दल तो भक्कम पुरावा आहे. गोळीतल्या अर्काबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण असा अर्क आपल्या आजी-पणजीने कधी खाल्लाच नव्हता.

थोडा हिशेब मांडून पाहू. हळकुंडे शिजवून, वाळवून, दळून जी पूड होते, तिच्यात कर्क्युमिन आणि त्याची भावंडे मिळून साधारण २ ते ५ टक्के असतात. बाकी सारे पिष्ट, तंतू, थोडे सुगंधी तेल आणि ओलावा. ३ टक्के धरले तर चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम पुडीत ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन येते, आणि एका माणसाच्या वाट्याला दिवसाकाठी चमचाभर हळद क्वचितच येते. अर्क काढताना हीच पूड इथेनॉल किंवा ॲसिटोनसारख्या द्रावकात मुरवतात, द्रावक उडवून लावतात आणि मागे उरलेल्या दाट, चिकट राळेतून कर्क्युमिनचे स्फटिक वेगळे करतात. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत असे ४७५ मिलिग्रॅम भरते, म्हणजे पाच चमच्यांहून जास्त हळद एका घोटात. अन्नातला रंग म्हणून कर्क्युमिन रोज किती चालेल याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या वजनामागे किलोला ३ मिलिग्रॅम अशी ठरवली आहे. ६० किलोच्या माणसाला ती १८० मिलिग्रॅम पडते. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठी, मुद्दाम सैल हात न ठेवता आखलेली असते, त्यामुळे ती ओलांडली की लगेच विषबाधा होते असे नाही. तरी एकच गोळी तिच्या अडीच पटींवर जाते, हे गोळी घेणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

यावर जाणकार म्हणतील की कर्क्युमिन अंगी लागतच नाही, मग मात्रेची चिंता कशाला? म्हणणे खरे आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि जे थोडे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत आणि यकृत ताबडतोब दुसरे रूप देऊन बाहेरची वाट दाखवतात. गोळी बनवणाऱ्यांनाही हीच अडचण होती. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिले की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पायपरिन अवघे २० मिलिग्रॅम दिले, तर कर्क्युमिनची उपलब्धता वीस पटींनी वाढते. तेव्हापासून अनेक गोळ्यांत पायपरिन घालतात, आणि इथेच गोष्ट गुंतागुंतीची होते. शरीर परक्या रसायनांची विल्हेवाट ज्या विकरांकरवी लावते, त्यांनाच पायपरिन अडवते. ते फक्त कर्क्युमिनला वाट मोकळी करून देत नाही. त्याच माणसाच्या पोटात असलेल्या इतर औषधांनाही देते.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला आपल्याच देशातला आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी मिळून होणारे त्रिकटू आयुर्वेदाच्या इतक्या योगांत का येते, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांचे सहकारी पायपरिनपर्यंत पोहोचले. पुढे त्यातूनच क्षयरोगावरची एक गोळी निघाली. तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरिनच्या जोडीने रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणता आली. परंपरेतले निरीक्षण गंभीरपणे घेतले की काय हाती लागते, याचे हे फार सुंदर उदाहरण आहे. पण मोजूनमापून, चाचण्या करून वापरलेले पायपरिन जर औषधाची मात्रा निम्म्याहून कमी करू शकते, तर अपस्माराचे फेनिटॉइन किंवा रक्तदाबाचे प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने सुरू केलेली ‘हळदीची गोळी’ काय करील? या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी पायपरिनमुळे वाढते, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलेले आहे.

यकृताचा प्रश्न याहून नवा आहे. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये यकृतदाहाचे रुग्ण लागोपाठ आढळले आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये असे दहा रुग्ण मांडले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एक दगावला. गोळ्यांच्या तपासलेल्या सातही नमुन्यांत हळद सापडली, तीन नमुन्यांत पायपरिनही होते. आणि दहांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार होता. म्हणजे अपाय सरसकट सर्वांना होत नाही. काहींची प्रतिकारशक्तीच त्या रसायनावर उलटते, आणि आपण त्या काहींमध्ये आहोत का, हे गोळी घेण्याआधी बहुतेकांना कळत नाही.

दहा रुग्ण म्हणजे फारच थोडे, वेदनाशामकांनी याहून जास्त लोक आजारी पडतात, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वेदनाशामकाचा धोका त्याच्या पत्रकावर छापलेला असतो, आणि डॉक्टर फायदा-तोटा तोलून ते लिहून देतात. दुसरा आक्षेप वैद्यांचा: आयुर्वेदातही काढे, घन, आसव-अरिष्टे आहेतच की! आहेत, पण हळदीचा पाण्यातला काढा कितीही आटवला तरी त्यात कर्क्युमिन फारसे उतरणार नाही. हरिद्राखंडात हळद पुडीच्या रूपातच तूप, दूध, साखर यांच्यासह येते, आणि मात्रा व अनुपान वैद्य ठरवतो. त्या शिस्तीचे श्रेय ९५ टक्क्यांच्या गोळीला देता येत नाही.

अर्क टाकाऊच, असेही मला म्हणायचे नाही. २०२३ मध्ये थायलंडमधल्या दोनशेहून अधिक अपचनाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत कर्क्युमिनचा गुण ओमेप्राझोल या आम्लपित्तावरच्या औषधाच्या तोडीचा आला. गुडघ्याच्या संधिवातातही वेदना कमी झाल्याचे काही छोट्या चाचण्या सांगतात. कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सगळ्यावर ते चालते या दाव्यांना मात्र असा आधार नाही. पी हळद नि हो गोरी म्हणण्यातलाच तो प्रकार. आणि गुण येतो हे मान्य केले, तर ते औषध आहे हेही मान्य करावे लागते. आज आपल्याकडे अशी बहुतेक गोळी अन्नपूरक म्हणून विकली जाते. डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरांत असते, आणि घेणारा ती सांधेदुखीवर औषध म्हणूनच घेत असतो. पायपरिन किती, द्रावक कोणता, कोणत्या औषधांबरोबर घेऊ नये, हे त्या डबीवर ठळक छापण्याची सक्ती व्हायला हवी.

तोवर काळजी आपल्यालाच घ्यायची आहे. कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावते, म्हणून पित्तखडे असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. गोळी सुरू असताना भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर ती त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना डबीही सोबत न्यावी. ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण हळदीच्या गोळीचे नावच घेत नाहीत, आणि मग कावीळ कशाने झाली याचा शोध भलतीकडेच चालू राहतो.