पडद्यावरचा पट निवडताना

शनिवारी रात्री मुलाच्या खोलीतून आवाज येतो, ‘मी दार हळूच ढकलतो आणि मशाल पुढे धरतो.’ खोलीचे दार तर बंदच असते, आणि मशाल कुठून असणार? कानांवर हेडफोन, समोर लॅपटॉप आणि पडद्यावर एका अंधाऱ्या तळघराचा नकाशा. मधूनच हशा, मधूनच ‘अरेरे!’. रात्रीचा दीड वाजला तरी खेळ आटोपत नाही. अशा घरांतले आईवडील बाह्यरुग्ण विभागात येतात तेव्हा त्यांचे दोनच प्रश्न असतात. हे व्यसन आहे का? आणि बंद कसे करायचे? त्याआधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हा खेळ नेमका कोणता आहे आणि तो कशावर खेळला जातो?

खेळ गोष्टीचा

हा खेळ भूमिका घेऊन खेळायचा. या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, राक्षस आणि गावकरी उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. संकट समोर आले की काय करायचे ते खेळाडू ठरवतात आणि ते जमले की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. येथे एक जिंकला आणि दुसरा हरला असे नसते. तीच गोष्ट आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षे चालते.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले होते. तो मुलांना जादूटोण्याकडे आणि आत्महत्येकडे नेतो, असा आरोप होता. पुढच्या तपासण्यांत असा कार्यकारणसंबंध आढळला नाही. उलट, आज काही मानसोपचारक लाजऱ्याबुजऱ्या मुलांना बोलते करण्यासाठी असे खेळ वापरतात. त्याचा पुरावा अजून लहान लहान गटांपुरताच आहे, त्यामुळे याला औषध म्हणू नये. मात्र विष म्हणण्याचेही कारण नाही.

मित्र एका गावात राहिले नाहीत की टेबल पडद्यावर येते. नकाशा, सोंगट्या, फासे आणि पात्रांची माहिती हे सगळे एकाच ठिकाणी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ म्हणतात. करोनाच्या टाळेबंदीत त्याचा वापर फार वाढला. पुण्यात नोकरी करणारा एक, जर्मनीत शिकणारी दुसरी, अमेरिकेत स्थायिक झालेला तिसरा असा कॉलेजचा जुना कंपू आज या टेबलाभोवती पुन्हा जमू शकतो.

व्यसन आणि मैफल

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला वाढते महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे सारे साधारण वर्षभर चालू असावे आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा कुटुंब यांची घडी बिघडलेली असावी, तरच निदान करता येते. आठवड्यातून एक संध्याकाळ चार ठरलेल्या मित्रांशी बोलत खेळणे या व्याख्येत बसत नाही.

दुसऱ्या बाजूचा आकडा अधिक चिंतेचा आहे. याच संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा ग्रासतो आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. परक्या शहरात एका खोलीत राहणाऱ्या तरुणाला, अपघातानंतर महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला किंवा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला दर रविवारी वाट पाहणारे चार आवाज असणे ही लहान गोष्ट नाही. म्हणूनच सॉफ्टवेअरची निवड महत्त्वाची ठरते. चुकीचे सॉफ्टवेअर निवडले तर बहुधा काही स्फोट होत नाही. हळूहळू एकेक जण यायचा थांबतो, एवढेच.

आधी माणसे, मग सॉफ्टवेअर

औषध लिहून देताना डॉक्टर एक नियम पाळतात. कागदावर सर्वांत प्रभावी असलेले औषध निवडण्यापेक्षा रुग्ण जे रोज घेऊ शकेल आणि ज्याचा खर्च त्याला झेपेल ते निवडावे. येथेही तेच. गटातला सर्वांत हौशी माणूस भारी संगणक घेऊन बसलेला असतो आणि निवड बहुधा तोच करतो. निवड करायची ती मात्र ज्याच्याकडे जुना लॅपटॉप आणि तुटक इंटरनेट आहे, त्याच्याकडे पाहून. त्याला जे चालेल ते सर्वांना चालते.

नेहमी वापरली जाणारी काही नावे पाहू.

‘रोल२०’ २०१२ पासून आहे. ते ब्राउझरमध्येच चालते, वेगळे काही बसवावे लागत नाही. खाते मोफत मिळते. जास्तीच्या सोयींसाठी वर्गणी भरावी लागते. आवाज आणि चित्र यांची सोय आतच आहे. नवख्या गटाला सुरुवात करायला हे बरे. मात्र पडद्यावर चौकटी आणि बटणांची गर्दी असते आणि मोठा नकाशा जुन्या संगणकाला जड जातो.

‘आउलबेअर रोडिओ’ सर्वांत साधे. नकाशा टाका, सोंगट्या ठेवा, दुवा मित्रांना पाठवा, खेळ सुरू. नियमांची आकडेमोड ते आपणहून करत नाही. बेरीज-वजाबाकी खेळाडूंनी करायची. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यालाही त्यात सामील करून घेता येते. कमी शिकावे लागते, म्हणून आईवडील किंवा मोठ्या वयाचे खेळाडू असलेल्या गटाला ते मानवते.

‘फाउंड्री’ २०२० मध्ये आले. त्याची मूळ किंमत ५० डॉलर, तीही एकदाच आणि फक्त सूत्रधाराने द्यायची. बाकीचे ब्राउझरमधून येतात. प्रकाश, अंधार, भिंती, आवाज, आपोआप होणारे हिशेब हे सगळे त्यात सुरेख जमते. पण खेळ सूत्रधाराच्या स्वतःच्या संगणकावरून किंवा भाड्याच्या सर्व्हरवरून चालवावा लागतो. आपल्याकडच्या अनेक घरगुती इंटरनेट जोडण्यांमध्ये बाहेरच्यांना थेट आपल्या संगणकापर्यंत पोहोचता येत नाही, त्यामुळे भाड्याचा खर्च वाढतो. मोबाइलच्या लहान पडद्यासाठीही ते बनवलेले नाही. ज्याला यंत्राशी खटपट करायला आवडते अशा सूत्रधारासाठी हे उत्तम; ज्याला आवडत नाही त्याच्या आठवड्याच्या दोन रात्री नुसत्या तयारीत जातात.

‘फँटसी ग्राउंड्स’ २००४ पासूनचे जुने आणि नियमांच्या बाबतीत काटेकोर. संगणकावर बसवावे लागते आणि शिकायला वेळ लागतो. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’मध्ये टेबल त्रिमितीत दिसते, फासा हाताने फेकल्यासारखा गडगडतो, पण प्रत्येकाला ते विकत घ्यावे लागते आणि संगणकही दमदार लागतो. मान डोलावत फिरणारा त्रिमितीतला पडदा पाहून काहींना मळमळते. गाडी लागते तसाच हा प्रकार आहे. गटात असा कुणी असेल तर सपाट नकाशाच बरा.

डोळे, कान, मान आणि गळा

पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या खूप कमी वेळा मिटतो. अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात, दृष्टी धूसर होते. तीन-चार तासांच्या खेळात हे होणारच. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याचा नियम सर्वांना ठाऊक असतो, पाळत कुणी नाही. या खेळात मात्र तो पाळणे सोपे आहे. दुसऱ्याची पाळी चालू असताना पडद्याकडे पाहण्याची गरजच नसते. सूत्रधार गोष्ट सांगत असताना डोळे मिटून ऐकावे. लढाई नसेल तेव्हा नकाशा काढूनच टाकावा. डोळ्यांच्या दृष्टीने चांगले सॉफ्टवेअर म्हणजे ज्याकडे सतत पाहावे लागत नाही ते.

निवड करताना तीन गोष्टी तपासाव्यात. अक्षरे मोठी करता येतात का? नकाशा अंधारा असला तरी रेषा स्पष्ट दिसतात का? आणि सोंगट्या केवळ रंगावरून ओळखाव्या लागतात का? लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो पुरुषांत बराच अधिक आढळतो. अनेकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकही नसते. शत्रू लाल आणि मित्र हिरवा अशी खूण ठेवली तर असा खेळाडू चुकीच्या माणसावर तलवार चालवतो आणि सगळे हसतात. सोंगट्यांना आकार, अक्षर किंवा चित्र देण्याची सोय असावी.

हेडफोनच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज वाढला की हा वेळ झपाट्याने कमी होतो. पार्श्वसंगीत आणि बोलणे यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येणारे सॉफ्टवेअर घ्यावे. नाहीतर ढोल-ताशांतून मित्राचे बोलणे ऐकण्यासाठी सगळेच वाढवावे लागते. लॅपटॉप दोन-तीन जाड पुस्तकांवर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडला तर मान वाकत नाही. तासाला एकदा उठून चार पावले चालावे. सूत्रधाराने पाण्याची बाटली जवळ ठेवावी. राक्षसाचा घोगरा आवाज तासभर काढला की स्वरतंतूंवर ताण येतो. घसा तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

झोपेचे गणित

खरे नुकसान होते ते झोपेचे. बहुतेक प्रौढांना किमान सात तास झोप लागते, किशोरवयीन मुलांना त्याहून जास्त. रात्रीचा झगझगीत पडदा मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवणे लांबवतो, आणि लढाईचा थरार मेंदूला जागे ठेवतो. खेळ एक वाजता संपला तरी झोप दोनला लागते.

मित्र परदेशात असतील तर वेळ आधी कागदावर मांडावी. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यात आपल्या रविवारी सकाळी सातला तिथे शनिवारचे रात्रीचे साडेनऊ असतात. दोघांनाही हे चालण्यासारखे आहे, कुणाची रात्र जात नाही. त्याच वेळी जर्मनीत पहाटेचे साडेतीन असतात. म्हणजे तीन खंडांवरचा गट एका वेळी बसवायचा तर कुणाची तरी झोप मोडते. दर वेळी तीच व्यक्ती जागत असेल तर तो खेळ तिच्यासाठी आजार आहे. अशा वेळी गट दोन करावेत, किंवा पाळीपाळीने वेळ बदलावी. सत्र तीन तासांचे, संपायची वेळ आधी ठरलेली, आणि ती वेळ आली की गोष्ट अर्धवट असली तरी थांबायचे. पडद्यावरच्या पटाचा येथे मोठा फायदा आहे. सोंगट्या जिथल्या तिथे राहतात, पुढच्या आठवड्यात तेथूनच पुढे जाता येते. हातातला डाव सोडवत नाही, ही सबब येथे चालत नाही.

मुले खेळत असतील तर

सोबत कोण खेळते आहे, हे आईवडिलांना ठाऊक असावे. शाळेतले मित्र असतील तर काळजी कमी. अनोळखी लोकांच्या गटात अल्पवयीन मुलाने एकट्याने बसू नये. बोलण्यासाठी अनेक गट ‘डिस्कॉर्ड’ वापरतात. त्याची किमान वयोमर्यादा १३ आहे. जाणते गट पहिली बैठक खेळायला न बसता नुसती बोलण्यात घालवतात. गोष्टीत काय नको, कुणाला कशाची भीती वाटते, हे त्यात ठरते. घरात नुकताच मृत्यू झालेल्या मुलाला खेळातली चिता सोसवेलच असे नाही. नको वाटले की कारण न देता थांबवण्याची एक खूणही ठरलेली असते. असा गट मिळाला तर मुलाला नाही म्हणण्याची आणि दुसऱ्याचे नाही ऐकण्याची सवय लागते.

पैसे भरण्यापूर्वी मोफत खात्यावर दोन छोटी सत्रे खेळून पाहावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाने स्वतःला विचारावे. डोळे दुखले का, झोप पुरेशी झाली का, पुढच्या वेळी यावेसे वाटते का? तिन्ही उत्तरे ठीक असतील तर सॉफ्टवेअर कोणतेही असो, ते तुमचे. मूल खेळ नसलेल्या दिवशीही जेवण, अभ्यास आणि जुने मित्र टाळत असेल, खेळ थांबवला की घरात आदळआपट होत असेल आणि हे महिनोन्‌महिने चालले असेल, तर मात्र वाट पाहू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जावे. तेथे पोहोचल्यावर आधी मुलाला त्याच्या खेळाची गोष्ट सांगू द्यावी. तो ती सांगू लागला, तर निम्मे निदान तेथेच होते.