जुनी डिझेल गाडी आणि धुराची तपासणी

मार्च ते मे या काळात देवगड, मालवण, वेंगुर्ले भागातून हापूसच्या पेट्या भरून गाड्या वाशीकडे निघतात. त्यांत दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या पिकअप आणि टेम्पोही असतात. काळा धूर सोडणारी गाडी वाटेत तपासणीसाठी अडली तर दंड होतोच, शिवाय माल गाडीतच तापतो. म्हणून धुराची तपासणी हंगामापूर्वी, फेब्रुवारीतच उरकून घ्यावी.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. दहा वर्षांवरील डिझेल गाडी बंद होणार, असे गावोगाव बोलले जाते. ही बंदी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आली. ती दिल्ली व तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती होती. सिंधुदुर्गातील गाडीला ती लागू नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर नोंदणी रद्द होते ती सरकारी मालकीच्या वाहनांची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग लागते. आपल्या जिल्ह्यात हे काम ओरोस येथील परिवहन कार्यालयाकडे आहे. जुन्या गाडीवर पर्यावरण कर भरावा लागतो, हे खरे. परंतु केवळ ऐकीव गोष्टीवरून चालती गाडी कवडीमोलाने विकू नये.

आता पी.यू.सी.विषयी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार नोंदणीला एक वर्ष झाल्यानंतर प्रत्येक गाडीजवळ हे प्रमाणपत्र असले पाहिजे. बी.एस.-४ व त्यानंतरच्या गाड्यांना ते वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहाच महिने. बी.एस.-४ देशभर एप्रिल २०१७ पासून लागू झाले, त्यामुळे आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्या सहा महिन्यांच्या गटात येतात. जानेवारीत काढलेले प्रमाणपत्र जुलैत संपते, आणि भर पावसात ही तारीख हमखास विसरली जाते.

डिझेल गाडीची तपासणी पेट्रोल गाडीपेक्षा वेगळी असते. इंजिन गरम करून, गियर न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबतात. असे काही वेळा करून सायलेन्सरमधून आलेला धूर यंत्रात घेतात व त्यातून प्रकाश सोडतात. प्रकाशाच्या शंभर भागांपैकी किती भाग धुराने अडविले, हा हार्ट्रिज आकडा. बी.एस.-४ पूर्वीच्या गाडीला ६५ पर्यंत व बी.एस.-४ गाडीला ५० पर्यंत मुभा आहे.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेले डिझेल, म्हणजेच आपला पैसा. आपल्याकडे पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. चिऱ्याच्या खाणीकडील आणि कलमबागांतील कच्च्या रस्त्यांची तांबडी धूळ फिल्टरमध्ये घट्ट बसते, हवा कमी पडते व धूर वाढतो. फिल्टर झटकून भागत नसेल तर बदलावा. दुरुस्तीच्या खर्चात सर्वांत स्वस्त काम हेच. त्यानंतर नोझल तपासून घ्यावेत. झिजलेल्या नोझलमधून डिझेल तुषारांऐवजी थेंबांनी पडते. फ्युएल पंपाचे सील तोडून ‘पिकअप वाढवून’ देणाऱ्याच्या नादी लागू नये. गाडी घाटात जोर धरते खरी, पण जास्तीचे डिझेल धुरातच जाते. डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यास पंपाला मिळणारे वंगण कमी होऊन तो लवकर झिजतो. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. तेथे फिल्टर बदलून उपयोग नाही, रिंगा व व्हॉल्व्ह पाहावे लागतील. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेने सायलेन्सर कुजून भोके पडतात, तीही बुजवून घ्यावीत.

तपासणीला जाण्यापूर्वी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्ट मेस्त्रीकडून पाहून घ्यावेत, कारण झटक्यात दिलेला वेग दुर्लक्षित इंजिनाला सोसत नाही. केंद्रावर पोहोचण्याआधी गाडी आठ-दहा किलोमीटर चालवावी. थंड इंजिन आणि सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी यांमुळे चांगली गाडीही नापास होऊ शकते.

नापास झाल्यास कारण लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी, ती मेस्त्रीला दाखवावी व दुरुस्तीनंतर फेरतपासणी करावी. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रदूषणाच्या गुन्ह्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात, शिवाय परवानाही तीन महिने जातो.

गाडी न नेता प्रमाणपत्र ‘करून देणारे’ भेटतात. अशा कागदाने धूर कमी होत नाही; रस्त्यावरील अधिकारी संशय आल्यास गाडी पुन्हा तपासणीस पाठवू शकतो. प्रमाणपत्र घेताना त्यावरील गाडीचा क्रमांक व फोटो आपल्याच गाडीचा आहे ना, हे तेथेच पाहावे. नोंदणीशी जोडलेला मोबाईल क्रमांक जुना असेल तर तो आधी बदलून घ्यावा.