उंदराच्या डोक्यावरचा सूक्ष्मदर्शक

मिनिस्कोप : हिंडत्या-फिरत्या प्राण्याच्या कवटीवर बसवलेला, जिवंत चेतापेशी टिपणारा सूक्ष्मदर्शक.

वजन : सगळे डिझाइन इथे अडते. प्रयोगशाळेतला लहान उंदीर जेमतेम 20 ते 30 ग्रॅमचा. म्हणून उपकरण 2-3 ग्रॅमचेच हवे.

चमक कुठून? : जीकॅम्प या प्रथिनातून (2001). चेतापेशी उद्दीपित झाली की आत कॅल्शियम वाढते. ते जीकॅम्पला चिकटले की निळ्या प्रकाशात पेशी हिरवी उजळते.

आत काय? : निळा एलईडी, निळा प्रकाश मेंदूकडे वळवून हिरवा वर सोडणारा चिमुकला आरसा, फिल्टर, मोबाइल कॅमेऱ्यात असतो तसा सीमॉस सेन्सर. खोल भागासाठी ग्रिन भिंग : साधारण 0.5 ते 1 मिमी जाडीची काचेची कांडी. तिची टोके सपाट. प्रकाश वळतो तो मध्यापासून कडेकडे बदलत्या अपवर्तनांकामुळे. ती मेंदूत रुतवताना थोड्या ऊती दुखावतातच.

एक-फोटॉन की द्वि-फोटॉन? : म्हणजे चमकण्यासाठी रेणू एक फोटॉन (प्रकाशकण) शोषतो की एकाच वेळी दोन. पहिला प्रकार स्वस्त, पण चित्र धूसर. दुसऱ्यात प्रकाशतंतूतून अवरक्त लेझर. चित्र स्वच्छ, खर्च मोठा.

टप्पे : 2001 – रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) डोक्यावर द्वि-फोटॉन उपकरण, 25 ग्रॅम. 2011 – स्टॅनफर्ड, एक-फोटॉन, 1.9 ग्रॅम. 2017 – पेकिंग विद्यापीठ, द्वि-फोटॉन, 2.15 ग्रॅम. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या मिनिस्कोपचे आराखडे सर्वांना खुले.