जास्तीची हवा, जास्तीची किंमत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीचे इंजिन पेट्रोलवर चालते, असे आपण सहज म्हणून जातो. पण एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाचे खरे जेवण हवेचे; पेट्रोल हे तोंडीलावणे. पेट्रोल जास्त सोडणे फारसे अवघड नाही. हवा मात्र पिस्टन खाली जाताना जेवढी ओढली जाईल तेवढीच आत येते. ताकद वाढवायची तर सिलिंडर मोठे करा, इंजिन जास्त वेगाने फिरवा, नाहीतर बाहेरून हवा दाबून आत भरा. हवा दाबून भरायचे दोन प्रमुख मार्ग आहेत. एक सुपरचार्जर, दुसरा टर्बोचार्जर.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी कुणी आता हौसेने वापरलेली कॉर्व्हेट घेतात. शेव्हरोलेची ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार 1953 साली प्रथम आली आणि 1981 पासून ती केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन येथे तयार होते. 2008 ते 2013 या काळातल्या साध्या कॉर्व्हेटमध्ये 6.2 लिटरचे, आठ सिलिंडरचे, 430 अश्वशक्तीचे इंजिन असे. आपल्याकडच्या छोट्या मोटारीच्या पाचपट ताकद! तरीही फोनवर विचारणा होतेच, "सर, सुपरचार्जर लावू की ट्विन टर्बो?"

आधी सुपरचार्जर पाहू. हा इंजिनाच्याच क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरणारा हवेचा पंप. त्याचा पूर्वज मोटारीहूनही जुना आहे. इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 साली अशा ब्लोअरचे पेटंट घेतले होते. त्याच जातीच्या आजच्या सुपरचार्जरमध्ये दोन पीळदार रोटर एकमेकांत गुंतून फिरतात. पट्टा थेट इंजिनाला जोडलेला असल्यामुळे पाय दाबला की ताकद त्याच क्षणी हजर. पण हा पट्टा फुकट फिरत नाही. डॉजच्या 707 अश्वशक्तीच्या हेलकॅट इंजिनात पूर्ण जोरावर सुमारे 80 अश्वशक्ती एकटा सुपरचार्जर फिरवण्यातच खर्ची पडते. एका छोट्या मोटारीचे अख्खे इंजिनच म्हणा ना.

टर्बोची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचे पेटंट 1905 सालचे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर तापलेला आणि वेगवान असतो. त्याच्या वाटेत एक चक्र ठेवले की ते फिरते, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र ताजी हवा इंजिनात कोंबते. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. उंचावर हवा विरळ होते तिथे टर्बोची खरी परीक्षा. अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी 1918 साली विमानाचे इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंचीच्या शिखरावर नेले आणि विरळ हवेतही टर्बोमुळे ते ताकद देते, हे दाखवून दिले.

मग दोन टर्बो कशाला? कॉर्व्हेटचे आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेले असतात. धूर दोन बाजूंनी निघतो, म्हणून प्रत्येक बाजूला एक टर्बो. शिवाय एका मोठ्या जड चक्रापेक्षा दोन छोटी, हलकी चक्रे लवकर वेग घेतात.

मला विचाराल तर सुपरचार्जर रोखीने व्यवहार करतो आणि टर्बो उधारीने. सुपरचार्जर आपली मजुरी इंजिनाकडून तिथल्या तिथे वसूल करतो आणि कामही तिथल्या तिथे देतो. टर्बो वाया जाणाऱ्या उष्णतेवर जगतो म्हणून काटकसरी खरा, पण धूर पुरेसा साठून चक्राने वेग घेईपर्यंत थांबावे लागते. टर्बो डिझेल गाडी चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. घाटात वरचा गिअर ठेवून पाय दाबला की क्षणभर गाडी ढिम्म, आणि मग एकदम उसळी. टर्बोही अगदी फुकट नव्हे. त्याचे चक्र धुराची वाट थोडी अडवते आणि तो रेटा पिस्टनला सोसावा लागतो.

खुद्द कॉर्व्हेटचा इतिहास या दोन्ही वाटांनी गेला आहे. 1987 ते 1991 या काळात ग्राहक शेव्हरोलेच्या विक्रेत्याकडेच जादा पैसे भरून दोन टर्बोंची मागणी नोंदवू शकत असे. गाडी कनेक्टिकट राज्यातल्या कॅलावे कंपनीकडे जाई आणि टर्बो बसवून परत येई. 1987 साली मूळ 240 अश्वशक्तीची गाडी अशी 345 अश्वशक्तीची झाली. पुढे 2009 साली कारखान्याने झेडआर-वन हे मॉडेल सुपरचार्जर लावून काढले, 638 अश्वशक्तीचे. 2025 च्या झेडआर-वनमध्ये मात्र पुन्हा दोन टर्बो आले. 5.5 लिटरच्या इंजिनातून 1,064 अश्वशक्ती! थोडक्यात, अमुकच एक पद्धत श्रेष्ठ असा निकाल कारखान्यानेही दिलेला नाही.

मला जास्त महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. 2009 च्या त्या गाडीत कारखान्याने नुसता सुपरचार्जर बसवला नव्हता. साध्या कॉर्व्हेटमध्ये सिलिंडरमधले मिश्रण 10.7 पट दाबले जाई. झेडआर-वनसाठी ते प्रमाण 9.1 वर आणले. पिस्टन घडीव धातूचे केले, कनेक्टिंग रॉड टायटॅनियमचे केले. कारण उघड आहे. दाबलेली हवा तापते. ती आत जाऊन आणखी दाबली गेली की ठिणगीचा पेटता झोत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच आपले मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोड्याचे घाव बसावेत तसा हा प्रकार असतो. तो चालू राहिला तर पिस्टन फुटतो, आणि एका पिस्टनपायी सबंध इंजिन जाते.

बाजारातला तयार संच आपण आणतो तेव्हा आतले पिस्टन आणि ते 10.7 चे प्रमाण तसेच राहते. म्हणून पहिला प्रश्न 'सुपरचार्जर की टर्बो' हा नव्हेच. हवेचा दाब किती ठेवणार, तापलेली हवा थंड करायला इंटरकूलर पुरेसा आहे का, वाढीव पेट्रोल पुरवणारे इंजेक्टर आणि पंप आहेत का, आणि इंजिनाच्या संगणकाची आखणी कोण करणार, हे आधी विचारावे. कॅलिफोर्नियात पंपावर साधारणपणे 91 ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल मिळते, इतर अनेक राज्यांत 93 चे. 93 साठी आखलेली गाडी 91 वर जोरात चालवणे म्हणजे नॉकिंगला आवतण.

एवढे ठरल्यावर मग निवड सोपी होते. रोजची गाडी, गावातले रस्ते, पाय ठेवताक्षणी ताकद हवी, तर माझे मत सुपरचार्जरला. तो इंजिनाच्या वर बसतो, एक्झॉस्टला सहसा हात लावावा लागत नाही, आणि जोडकाम कमी. पण तो इंजिनाच्या उष्णतेतच बसलेला असतो. शर्यतीच्या ट्रॅकवर फेऱ्यामागून फेऱ्या मारल्या की तापतो, आणि मग संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. लांब, मोकळा रस्ता, वरच्या वेगातली ताकद आणि पुढे आणखी वाढवायची इच्छा असेल तर दोन टर्बो. मात्र तिथे एक्झॉस्टचे नळ बदलतात, तेलाच्या नळ्या नव्याने टाकाव्या लागतात, तापलेल्या टर्बोपासून जवळच्या तारा आणि रबर वाचवावे लागते. प्रदूषण नियंत्रणाचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच वाटेवर असतो आणि त्याच्याशी छेडछाड तिथल्या कायद्याला चालत नाही. खर्चही बहुधा सुपरचार्जरपेक्षा जास्त होतो.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. त्या वर्षांच्या कॉर्व्हेटमध्ये सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर येते. ओल्या रस्त्यावर वळण घेताना टर्बोने उशिरा उसळी घेतली, किंवा सुपरचार्जरने एकदम जोर लावला, तर मागची चाके घसरतात. टायर, ब्रेक आणि चालवणाऱ्याचा हात हे तिन्ही 430 अश्वशक्तीला सरावलेले असतात. तेव्हा बाजूला काढलेल्या पैशांतून आधी उत्तम टायर आणि ब्रेक घ्या, एखाद्या ट्रॅकवर प्रशिक्षकाबरोबर दोन दिवस गाडी चालवायला शिका. कुणास ठाऊक, त्यानंतर 430 सुद्धा पुरेसे वाटतील. आणि नाहीच वाटले, तर पंप कुठला बसवायचा हे ठरवायला तुम्ही तेव्हा अधिक लायक झालेले असाल.