एका वर्गात बसणे आणि एकत्र शिकणे

बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य समाजातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. त्याची व्यवस्था जिवप्पा ऐदाळे यांच्याकडे होती. शाळेत नाव घातले, तरी राहायला जागा आणि दोन वेळचे अन्न नसेल, तर खेड्यातल्या मुलाला ती शाळा बंदच असते, हे बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले होते. ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. त्यातील मर्म मात्र या शहराला शंभर वर्षांपूर्वीच दाखविले गेले.

आज या शब्दाला कायद्याचा आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये त्याची व्याख्याच दिलेली आहे. दिव्यांग व अन्य विद्यार्थ्यांनी एकत्र शिकावे, हा तिचा पूर्वार्ध. आणि शिकविण्याची पद्धत प्रत्येकाच्या गरजेनुसार बदलावी, हा उत्तरार्ध. पूर्वार्ध सर्वांना पाठ असतो. उत्तरार्धाचा विसर आम्हांलाही पडला होता.

आमच्या वर्गात एक मुलगा उंचीमुळे शेवटच्या बाकावर बसे. हाक मारली तरी पाहत नसे. बेफिकीर, असा शेरा आम्ही देऊन टाकला. त्याला एका कानाने ऐकू येत नाही, हे कळायला एक सत्र गेले, आणि तेही आमच्या नव्हे, वसतिगृहातील त्याच्या मित्राच्या ध्यानात आले. फळ्याकडे तोंड करून बोलण्याची आमची सवय त्या मुलाला किती महाग पडली असेल, याचा हिशेब करण्याचे धैर्य आम्हांला अजून होत नाही.

या संदर्भात चुल्लपंथकाची कथा आठवते. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला पुन्हा गाथा दिली नाही. शुभ्र वस्त्राचा तुकडा दिला आणि तो चोळीत राहण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि अनित्यतेचा बोध त्याला त्यातून झाला. ही कथा आपण बहुधा चमत्काराची म्हणून सांगतो. वास्तविक ती अध्यापनाची आहे. महापंथक दुष्ट नव्हता. त्याला शिकविण्याची एकच रीत ठाऊक होती, इतकेच.

भाषेचेही असेच. सोलापुरात मराठीइतकीच तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडते. तांड्यावरून आलेले मूल गोरमाटी बोलते. अशा मुलाचे मराठी अडखळले की वर्गात हशा पिकतो. त्यावर ‘हसू नका’ एवढेच सांगून भागत नाही. एकाच वस्तूची चार घरांतील चार नावे फळ्यावर लिहिली, की हसणाराच पुढे होऊन विचारू लागतो, आणि अडखळणारे मूल त्या तासापुरते गुरुजी होते.

मुलांचे प्रश्न दडपू नयेत, असे आम्हांला आता वाटते. ‘तुला ऐकू का येत नाही?’ असे कोणी विचारले की पूर्वी आम्ही डोळे वटारत असू. त्यातून मुले एवढेच शिकत की, ही काही तरी लपविण्यासारखी गोष्ट आहे. परवा तोच प्रश्न पुन्हा आला. आम्ही गप्प राहिलो. आता पहिल्या बाकावर बसणारा तो मुलगा म्हणाला, ‘या बाजूने येत नाही, त्या बाजूला येऊन बोल.’ विचारणारा उठला आणि बाजू बदलून बसला.