मेणवलीची घंटा आणि वसईचें वर्ष

वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे व वाड्यामागें कृष्णेचा घाट आहे. घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारीं एका लहानशा घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. पर्वणीच्या स्नानास आम्हांला लहानपणीं तेथें नेत, आणि वडिलांनीं उचलून धरल्याखेरीज आमचा हात तिच्या लोलकास पोंचत नसे. घंटेवर एका स्त्रीची आकृति उठविलेली असून तिच्यापाशीं मूल आहे. "ही यशोदा हो," असें आजी सांगे, व पुष्कळ वर्षें आम्हीं यशोदा म्हणूनच तिला नमस्कार केला. पुढें आम्हांस रूपावली घोकविणाऱ्या गुरुजींनीं खुलासा केला कीं, ती यशोदा नव्हे, ख्रिस्ताची माता मारिया. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चांच्या घंटा मराठे सरदारांनीं आणून आपापल्या देवळांस वाहिल्या, त्यांपैकींच ही. नाशिकच्या नारोशंकराची आणि भीमाशंकराची घंटाहि त्याच स्वारींतली. आम्हीं मोठ्या ऐटीनें हें आजीस जाऊन सांगितलें. ती म्हणाली, "मुलाची आईच ना? मग झालें तर."

ज्या गांवांतून घंटा आली त्या गांवांत आपणांस अन्न मिळवावें लागेल, असें तेव्हां स्वप्नांतहि नव्हतें. परंतु मॅट्रिक आणि शिक्षकाची पदविका एवढ्या भांडवलावर जेथें नेमणूक होईल तेथें जावें लागतें. १९८१ च्या जूनमध्यें ती वसई तालुक्यांतील एका खेड्यांत झाली, आणि केळीच्या एका वाडीच्या कडेला एक खोली आम्हांस भाड्यानें मिळाली. शेजार कॅथलिक ख्रिस्त्यांचा. हे लोक स्वतःस सामवेदी म्हणवितात. कुपारी असेंहि त्यांस म्हणतात. आमच्या वाचकांस नवल वाटेल, पण त्याच भागांत सामवेदी ब्राह्मणांचींहि घरें आहेत, आणि दोघांची घरगुती बोली एकच आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढील दोनशें वर्षांत धर्मांतरें झालीं. कांहीं प्रलोभनानें, कांहीं सक्तीनें, कांहीं कदाचित् श्रद्धेनेंहि. १७३९ त पोर्तुगीज गेले, घंटाहि गेल्या, पण हे लोक आपल्या वाड्यांत व आपल्या नव्या धर्मांत तसेच राहिले. आमच्या मतें विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. सत्ता निघून गेल्यावरहि जो धर्म टिकतो तो सत्तेचा म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

आम्ही पोंचलों त्या संध्याकाळीं पाऊस कोसळत होता. शेजारची मावशी (तिचें नांव येथें नको) तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा घेऊन आली. आम्ही म्हणालों, "राहूं द्या, आमचें पाणी आम्हीच भरूं." तिला उमगलें. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं विहिरीवर एक कोरा दोर आणि घासलेली बालदी वेगळी टांगून ठेवलेली दिसली. ती आमच्याकरितां होती. आमचें वय तेव्हां तेवीस वर्षांचें होतें, आणि मनाची ती कोती समजूत आम्ही शुचिता म्हणून मिरवीत होतों.

त्याच संध्याकाळीं घंटा वाजली. तीन ठोके, थोडा विराम, पुन्हां तीन. वाडींत वाकलेलीं माणसें ताठ झालीं, पुरुषांनीं डोक्यावरचें काढलें, ओठ हलले, आणि मग पुन्हां कामें सुरू झालीं. पहाटे, दुपारीं व सायंकाळीं असा हा क्रम रोजचा. देवदूतानें मारियेस दिलेल्या वार्तेचें तें स्मरण असतें. आम्हांस त्रिकाळ संध्येची आठवण झाली, आणि त्याबरोबर हेंहि आठवलें कीं, दुपारची संध्या आम्हीं मुंज झाल्यापासून वर्षभरांतच सोडली होती.

त्यांच्या वर्षाचा खरा आरंभ एक जानेवारीस होत नाहीं. नाताळच्या आधीं चार रविवार आगमनकाळ सुरू होतो, तेथून त्यांचें वर्ष धरतात. नाताळचें वर्णन फार करीत नाहीं. फुगे, करंज्या, तारे आणि मध्यरात्रीची उपासना सर्वांस ऐकून ठाऊक आहे. गाईगुरांच्या गोठ्याचा देखावा मांडण्याची चाल संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं घातली. आमच्या शेजारीं त्या गोठ्याकरितां आधीं परळांत नाचणी पेरून तिचें कोंवळें हिरवें रान करीत, एवढें मात्र सांगितलें पाहिजे. घटस्थापनेचें धान्य पाहिलेल्या आमच्या डोळ्यांस तें फारच ओळखीचें वाटे.

परंतु या वर्षाचा कणा नाताळ नव्हे, ईस्टर होय. आणि ईस्टरची तारीख स्थिर नाहीं. आमच्यांतील पंचांगी ब्राह्मण तेथें जागा झाला व आम्हीं धर्मगुरूंसच गांठलें. फादर हंसून म्हणाले, "मास्तर, हें तर तुमच्याच विषयाचें आहे." मार्चच्या एकविसाव्या दिवसास वसंतसंपात धरावयाचा, त्या दिवशीं अथवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावयाची, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. सर्वांनीं तो एकाच रविवारीं पाळावा असा निर्णय ३२५ सालच्या निकेआच्या परिषदेंत झाला, आणि १५८२ सालीं पोप ग्रेगरीनें दिनदर्शिका सुधारली ती मुख्यतः याच सणाची जागा ढळूं लागली म्हणून. ४ ऑक्टोबरचा दुसरा दिवस त्या वर्षीं १५ ऑक्टोबर मोजला गेला. आपण भिंतीवर लावतों त्या इंग्रजी कॅलेंडराच्या मुळाशीं एका सणाची चिंता आहे, हें किती जणांस ठाऊक असेल! ही पौर्णिमा बहुधा आपली फाल्गुनी किंवा चैत्री असते. २०२४ सालीं ईस्टर होळीनंतरच्या रविवारीं, ३१ मार्चला आला. २०२५ सालीं हनुमानजयंतीनंतर, २० एप्रिलला. सूर्य व चंद्र यांचा मेळ घालण्यासाठीं आपण अधिक मास घालतों. त्यांनीं सण हलता ठेवला.

ईस्टरपूर्वींचा उपवासकाळ राखेच्या बुधवारापासून सुरू होतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद देऊन वांटलेल्या झावळ्या लोक घरीं जपून ठेवतात. त्याच जाळून केलेली राख या बुधवारीं कपाळास लावतात आणि तूं माती आहेस, मातीसच मिळशील, या अर्थाचे शब्द उच्चारतात. रविवार वगळून हे चाळीस दिवस होतात. शास्त्रानें कडक उपवास फक्त राखेच्या बुधवारीं व उत्तम शुक्रवारीं, आणि शुक्रवारीं मांसवर्ज्य. परंतु मावशीचें व्रत शास्त्राच्या पुढें होतें. चाळीसहि दिवस मासळी बंद, चहा बंद, आणि त्यांतून वांचलेले पैसे एका डब्यांत. मासळीवांचून घांस न उतरणाऱ्या माणसाचा तो नेम आहे, हें ध्यानांत घ्यावें. जन्मतः शाकाहारी असलेल्या आमच्या एकादशीस, साबुदाण्यासकट, आम्हीं त्यानंतर फारसें पुण्य मोजलें नाहीं.

पवित्र गुरुवारीं धर्मगुरु बारा जणांचे पाय धुतात. त्या पहिल्या वर्षीं आम्हीं दारांतून पाहिलें. ज्यांचे पाय धुतले त्यांत आमच्या शाळेचा शिपाई होता. शनिवारच्या रात्रीं चर्चमधील सर्व दिवे मालवितात, बाहेर नवा अग्नि पेटवितात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. मग पाण्यास आशीर्वाद देतात. मावशी तें पाणी बाटलींतून आणी, घरांत शिंपडी, मग विहिरींत चार थेंब आणि मोगऱ्याच्या वाफ्यांत चार. आमच्या खोलीच्या कुंपणापाशीं ती थांबत असे. एक थेंबहि कधीं अलीकडे आला नाहीं.

दुसऱ्या वर्षीं पावसाळ्यांत आम्हांस हिवतापानें धरलें. सहा दिवस पेज आणि पाणी तिच्याच हातचें पोटांत गेलें. शुद्धीवर आल्यावर विधिनिषेधाची चर्चा करावयाची आम्हांस लाज वाटली. कोरा दोर आम्हींच विहिरीवरून काढून टाकला.

उपासनेची भाषा मराठी, भजनास पेटी आणि तबला. म्हाताऱ्यांना मात्र लॅटिन आठवे. १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा वेदीपर्यंत पोंचली. तथापि मराठीचें व या धर्माचें नातें त्याहून फार जुनें आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलें, आणि तें १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. पंढरीच्या वाटेवरचीच ही ओवी. केवळ निराळ्या देवळांत शिरली.

१९८९ च्या मार्चमध्यें आमची आई त्या खोलींतच वारली. स्मशान लांब, आमचे भाऊबंद वाईस. सरणाकरितां आंब्याचें लांकूड मावशीच्या घरच्यांनीं आपल्या वाडींतलें तोडून दिलें, आणि खांद्यास जे चार होते त्यांतले तिघे रविवारीं चर्चला जाणारे होते. पुढें नोव्हेंबर आला. त्या महिन्याच्या दोन तारखेस मृतांचा स्मरणदिन असतो. थडगीं साफ करतात, फुलें वाहतात, संध्याकाळीं सारें कबरस्तान मेणबत्त्यांनीं उजळून निघतें. त्या महिन्यांत ज्यांच्यासाठीं प्रार्थना व्हावी त्या मृतांचीं नांवें लिहून द्यावयाची चाल आहे. मावशीला लिहितां येत नसे, म्हणून तिची यादी दर वर्षीं आम्हीच लिहून देत असूं. आजा, आजी, सासरा, अंगावरचें गेलेलें एक मूल. शेवटीं ती चांचरत म्हणाली, "मास्तर, तुमची हरकत नसली तर तुमच्या आईचें घालूं?"

हरकत होती, हें आम्ही लपवीत नाहीं. आम्हीं महालयांत तिला पिंड दिला होता. तिच्या गतीची व्यवस्था आमच्या शास्त्राप्रमाणें झालेली होती. तिचें नांव परक्या वेदीसमोर उच्चारलें जावें काय? आम्ही बराच वेळ लेखणी हातांत धरून बसलों. मग मेणवलीच्या घाटावर आजी जें बोलली होती तें आठवलें आणि नांव लिहिलें. चूक केली कीं बरोबर, याचा निकाल शास्त्र्यांनीं लावावा.

या सर्व वर्षाखालीं दुसरें एक वर्ष चालत असे, तें पाण्याचें. जूनमध्यें भाताचीं रोपें, श्रावणांत वाल-वांग्यांचे वाफे, आठ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिन (वांद्र्याच्या डोंगरावरची जत्रा त्याच सुमारास), आणि ऑक्टोबरांत नव्या भाताच्या लोंब्या वेदीपुढें. मुंबई व साष्टींतील ईस्ट इंडियन लोक या सणास आगेरा म्हणतात व तो त्या महिन्याच्या पहिल्या रविवारीं करतात. आमच्या गांवींहि लोंब्यांच्या जुड्या आशीर्वाद घेऊन घरोघर जात व दारावर बांधल्या जात. लग्नाच्या आदल्या दिवशीं बायका वाजतगाजत विहिरीचें पाणी आणीत, त्यास उंबराचें पाणी म्हणतात. विहीर गोडी होती म्हणून राजेळी केळ होती, केळ होती म्हणून तिचीं सुकेळीं होतीं, आणि पहाटेच्या गाडीनें दादरला जाणारीं फुलें होतीं.

ही विहीरच हळूहळू बिघडली. समुद्र जवळ, आणि खालचें गोडें पाणी वर तरंगणाऱ्या थरासारखें. रहाट गेले, मोटारी आल्या; मग नव्या इमारतींस पाणी पुरविण्यासाठीं टँकर रात्रंदिवस भरूं लागले. गोडें पाणी उपसलें तसें खारें आंत सरकलें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें याविरुद्ध आवाज उठविला. 'सुबोध बायबल' लिहिणारे हेच ते. २०२० सालीं तेव्हांच्या उस्मानाबादेस, आतांच्या धाराशिवास, मराठी साहित्यसंमेलनाचे अध्यक्षहि झाले. धर्मगुरु अध्यक्ष कसा, असें कांहीं जणांनीं विचारलें. ज्या माणसानें मराठी मातींतल्या विहिरींसाठीं धमक्या सोसल्या त्याच्या मराठीपणाचा दाखला मागावा, याचें आम्हांस वाईट वाटलें. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. समितीनें पुष्कळ वांचविलें, पण सगळें वांचलें नाहीं. २००९ सालीं महानगरपालिका झाली, आमच्या खोलीजवळची केळीची वाडी त्यापूर्वींच विकली गेली होती. विकणाऱ्यांस दोष देणें सोपें आहे. चार मुलांच्या शिक्षणास खाऱ्या विहिरीवरची मिरची पुरत नाहीं, हें आम्हीं त्यांच्याच पोरांस शिकवून पाहिलें आहे.

२०१६ सालीं आम्ही निवृत्त होऊन वाईस परतलों. गेल्या ऑक्टोबरांत सणाकरितां मुद्दाम गेलों. चर्च भरलेलें होतें, बाहेरहि लोक उभे होते. वेदीपुढें जुड्या होत्या, परंतु चौकशी केली तेव्हां कळलें कीं, गांवच्या शेतांतल्या त्यांत दोनच. बाकीच्या लांबून विकत आणलेल्या. फादरांनीं (हे नवे, आमच्या शाळेंत शिकलेले) प्रवचनांत तें न लपवितां सांगितलें आणि पुढच्या वर्षीं चर्चच्या आवारांत एक वाफा तरी भात लावूं म्हणाले. मुलांनीं हात वर केले.

मावशी आतां ऐंशीच्या पुढें आहे. तिनें उठून पेल्यांत मोठ्या प्लास्टिकच्या बरणींतलें विकतचें पाणी ओतलें आणि ओशाळून म्हणाली, "मास्तर, विहिरीचें देतां येत नाहीं हो आतां."

आम्हीं विहिरीचेंच मागितलें. ती नको नको म्हणत होती. नातवानें बालदी सोडून काढून आणलें. मचूळ होतें, शेवटीं जिभेवर मीठ राहिलें. दोन घोट घेतले आणि पेला खालीं ठेवला.