वादळ, पाणी व वायूंची देवघेव

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यास लागलें व पुढें मावळांतहि आलें, हें वडिवळ्याकडील शेतकरीबंधूंच्या स्मरणांत असेलच. पडलेल्या झाडांचा हिशोब आपण ठेविला. त्याच वाऱ्यानें समुद्रावर केलेली देवघेव मात्र डोळ्यांस दिसत नाहीं.

मनुष्यमात्र हवेंत जो कर्बाम्ल वायु सोडितो, त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र पोटांत घेतो. वारा मंद असतां पृष्ठभागींचा पाण्याचा अति पातळ थर निश्चल राहतो व वायूस त्यांतून सावकाश वाट काढावी लागते. वारा वाढला कीं हा थर ढवळला जातो. वेग दुप्पट झाल्यास देवघेवीची त्वरा सुमारें चौपट होते. ताशीं १२० किलोमीटरांपुढें हाहि हिशोब पुरत नाहीं. लाटा फुटून बुडबुडे खोल जातात, तुषार उडतात, आणि पाणी कोठें संपलें व हवा कोठें लागली हेंच कळेनासें होतें. क्योटो व मायामी येथील प्रयोगांच्या हौदांत ही त्वरा तेथून एकदम चढलेली आढळली. ‘निसर्गा’चे झोत या उंबरठ्यापर्यंतच पोंचले होते.

परंतु वारा त्वरा ठरवितो, दिशा नव्हे. वायु अधिकाकडून उण्याकडे जातो. वादळ खालचें कर्बाम्लानें भरलेलें पाणी वर आणतें, म्हणून समुद्र कित्येकदां घेण्याऐवजीं देतो.

वडिवळे धरणाच्या पाण्यासहि हाच नियम लागू आहे. शेततळ्यांत मासे पाळणाऱ्यांनीं निर्वात, ढगाळ दिवसांनंतर पहांटे मासे वर येऊन तोंड उघडूं लागल्यास पाणी तत्काळ ढवळावें.